पहिली-दुसरीच्या मुलांना चित्रपुस्तकांतून कामांची ओळख: सोलापूरच्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर

सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, वर्गातला 'आपले मदतनीस' हा तक्ता मुलांना तोंडपाठ आहे, पण कामधंद्याविषयी बोलायला लागले की मुले पोलीस, डॉक्टर आणि सैनिक यांच्या पुढे सरकत नाहीत. चित्रपुस्तकांच्या आधारे वेगवेगळी कामे आणि कामाच्या जागा त्यांच्यापर्यंत कशा न्याव्यात, पुस्तके कोणत्या कसोटीवर निवडावीत, प्रत्यक्ष कारखान्यात न्यावे का, आणि ज्यांच्या घरी बिड्या वळल्या जातात त्या मुलांसमोर हा विषय कसा काढावा, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. बालवाचनाच्या आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात मी बरीच वर्षे याच शहरात आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सुरुवात तक्त्यापासूनच करू. त्यावर खाकी गणवेशातला पोलीस उभा असतो, पांढऱ्या कोटातला डॉक्टर उभा असतो, पिशवी घेतलेला पोस्टमन उभा असतो. यातले कोणीही काम करताना दिसत नाही. त्यामुळे मूल पोशाख ओळखायला शिकते आणि ज्या कामाला पोशाख नाही ते काम त्याच्या लेखी कामच उरत नाही. आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी कोणी यंत्रमाग चालवते, कोणी कांड्या भरते म्हणजे विणकामाचे सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळते, कोणी गणवेश शिवते, कोणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. यांपैकी कोणालाही त्या तक्त्यावर जागा नाही. मुले पोलीस-डॉक्टरपाशी थांबतात याला त्यांची कल्पनाशक्ती जबाबदार नाही. आपण दाखवलेले चित्रच तेथे थांबते.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी आहे की, पुस्तकात माणूस काम करताना दिसला पाहिजे. त्याचे हात दिसावेत, हातातले अवजार ओळखू येईल इतके नेमके काढलेले असावे, काम कशापासून सुरू झाले आणि कोठे संपले हे पाने उलटताना कळावे. 'हा सुतार आहे, हा लाकडाच्या वस्तू बनवतो' असे एका पानावर, आणि पुढच्या पानावर 'हा कुंभार आहे' असे सांगणारे पुस्तक म्हणजे बांधणी केलेला तक्ताच होय. याउलट एकच खुर्ची बनताना बारा-चौदा पानांत दाखवणारे पुस्तक मुलांना सुताराच्या कामाविषयी कितीतरी जास्त सांगते: लाकूड निवडणे, माप घेणे, चुकलेले माप, पुन्हा कापणे, रंधा मारणे, सांधा न बसणे आणि शेवटी बसणे. चूक आणि दुरुस्ती दाखवणारे पान मला विशेष मोलाचे वाटते, कारण काम म्हणजे विचार करणे हे मुलांना त्या पानावर कळते.

दुसरी गोष्ट जागेची. कामाची जागा चित्रात रिकामी, धुऊन पुसून ठेवल्यासारखी असेल तर शंका घ्यावी. खऱ्या कामाच्या जागेत पाण्याची बाटली असते, डबा असतो, खुंटीला अडकवलेला सदरा असतो, भिंतीवर कॅलेंडर आणि देवाचा फोटो असतो, कोपऱ्यात बिघडलेले यंत्र असते. चित्रकाराने हे पाहून काढलेले असेल तर मुले ते ताबडतोब ओळखतात आणि मजकुरात नसलेल्या गोष्टींवर बोलू लागतात.

तिसरी कसोटी कोणाच्या हाती काय दिले आहे याची. वर्गातली सर्व पुस्तके एका दुपारी समोर पसरून केवळ चित्रे पाहावीत. यंत्रापाशी, गाडीच्या चाकापाशी, मोजमापाच्या पट्टीपाशी कोण आहे आणि चुलीपाशी कोण आहे, हे मोजले की निवडीचा कल आपोआप लक्षात येतो. हे दुरुस्त करायला आपल्याच स्थानकावरचा एक प्रसंग उपयोगी पडेल. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला गेलेली वंदे भारत एक्सप्रेस सुरेखा यादव यांनी चालवली. साताऱ्याच्या सुरेखाताई १९८०च्या दशकात रेल्वेत रुजू झाल्या होत्या आणि आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. 'बायका रेल्वे चालवतात का?' हा प्रश्न वर्गात आलाच तर उत्तर फार लांब शोधावे लागत नाही.

चौथी कसोटी आपल्याकडे टाळता येत नाही. कामधंद्यावरची बरीच जुनी बालपुस्तके लोहाराचा मुलगा लोहार आणि चांभाराचा मुलगा चांभार होणार हे गृहीत धरून लिहिलेली आहेत. बारा बलुतेदार हा इतिहासाचा विषय म्हणून वरच्या वर्गात जरूर यावा. परंतु पहिली-दुसरीत काम जातीला चिकटवून दाखवणारे पान आले की वर्गातली आडनावे एकमेकांकडे पाहू लागतात. अशी पुस्तके मी वर्गात ठेवत नाही. स्वच्छतेच्या कामाविषयीचे पुस्तक मात्र अवश्य ठेवावे, आणि त्यात हातमोजे, बूट, यंत्र, गाडी हे सारे दिसते का ते पाहावे. हाताने मैला साफ करून घेणे कायद्याने बंद आहे आणि त्यासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदाही आहे. तेव्हा उघड्या हातांनी गटारात उतरलेला माणूस 'मदतनीस' म्हणून हसऱ्या चेहऱ्याने रंगवलेला असेल तर ते पुस्तक परत करावे.

पुस्तके मिळण्याविषयी थोडक्यात सांगतो. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका आणि प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तके परवडणाऱ्या किमतीत मिळतात. प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे ऑनलाइन व्यासपीठ २०१५ पासून खुले आहे. तेथील पुस्तके विनामूल्य वाचता येतात, छापता येतात, आणि तेथील अनेक पुस्तके एकाहून अधिक भारतीय भाषांत असतात. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी मुले असणारच. एकच पुस्तक दोन भाषांत छापून एक प्रत घरी पाठवली तर मराठी वाचता न येणारी आजीही त्या वाचनात सामील होते, आणि कामाविषयी सर्वांत जास्त सांगण्यासारखे बहुधा तिच्याकडेच असते.

आता वाचनाकडे येतो. मजकूर एकदाही न वाचता आधी सगळी पाने केवळ चित्रे पाहत उलटावीत. आपण विचारतो तो पहिला प्रश्न बहुधा 'हे कोण आहे?' असा असतो आणि तेथेच चर्चा संपते, कारण त्याला एका शब्दाचे उत्तर आहे. त्याऐवजी हिच्या हातात काय आहे, ही कोठे पाहते आहे, याच्या आधी काय केले असेल, हात घसरला तर काय होईल, येथे आवाज कसला येत असेल, दमल्यावर ही कोठे बसेल, असे विचारावे. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी अवजारे, आवाज आणि वास एवढेच पुरेसे आहे. पहिली-दुसरीत क्रम पकडता येतो. तिसरीत परिसर अभ्यास सुरू झाल्यावर एका कामाला दुसरे काम कसे जोडलेले आहे, मजुरी कशी मिळते, दिवस किती तासांचा असतो, असे प्रश्न मुलेच विचारू लागतात. मजुरीचा प्रश्न लवकर आला तर टाळू नये. पैशांचा विषय वर्गात वर्ज्य मानण्याची आपली सवय मला कधीच पटलेली नाही.

पुस्तकांचा क्रम मी ओळखीच्या कामाकडून अनोळखी कामाकडे ठेवतो. वैमानिक आणि अंतराळवीर यांची पुस्तके आकर्षक असतात, मुले ती मिटक्या मारत पाहतात, पण त्यावर त्यांच्याजवळ बोलण्यासारखे काही नसते. ज्या कामाचा आवाज त्यांच्या झोपेतही येतो त्यावर मात्र ती तासभर बोलतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे हे मुलांना ठाऊक नसेल, पण माग बंद पडल्यावर गल्ली कशी वाटते हे त्यांना ठाऊक असते.

चादरीच्या कामाचे मनासारखे चित्रपुस्तक हाती लागले नाही, तर ते वर्गात करावे, आणि त्यासाठी आधी तो क्रम आपल्याला नीट माहीत हवा. सूत येते, ते रंगवले जाते, वाळते. आडव्या धाग्यासाठी कांड्या भरल्या जातात. उभ्या धाग्यांचा ताणा तयार होतो, तो बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळला जातो आणि बीम मागावर चढतो. नव्या ताण्याची टोके जुन्या ताण्याच्या टोकांना जोडायची असतात. त्या हजारो टोकांचे काम इतके बारीक आहे की केवळ त्या एका कृतीसाठी पुस्तकाची दोन पाने द्यावीत. नक्षीसाठी मागाच्या डोक्यावर जॅकार्ड असते. त्यात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, आणि कोणता उभा धागा वर उचलला जाईल आणि कोणता खाली राहील हे त्या छिद्रांवरून ठरते. दुसरीच्या मुलांना हे कळते. चौकटींच्या कागदावर मोर किंवा फूल काढून प्रत्येक ओळीतल्या कोणत्या चौकटी रंगवल्या हे एकाने मोठ्याने सांगायचे आणि दुसऱ्याने न पाहता कोऱ्या कागदावर त्या रंगवायच्या, एवढ्या खेळात जॅकार्डचे तत्त्व समजते. त्यानंतर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची ये-जा, विणलेले कापड उतरवणे, कापणे, कडा शिवणे, घड्या घालणे, गठ्ठे बांधणे, टेम्पोत भरणे. एका चादरीमागे किती माणसांचे हात आहेत हे मुलांनी स्वतः मोजावे. तो आकडा आपण आधी सांगून टाकू नये.

गावातली आणखी दोन-तीन कामे अशाच पुस्तकांसाठी उत्तम आहेत. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात व्हॉल्व्ह फिरवणारा महापालिकेचा कर्मचारी हा गल्लीतला सर्वांत जास्त वाट पाहिला जाणारा माणूस असतो. भीमेवरचे उजनी धरण, पंप, जलवाहिनी, पाण्याची टाकी आणि तो माणूस, ही साखळी एका पुस्तकात छान बसते. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय असल्यामुळे रेल्वेत काम करणारी पालक मंडळी मिळतात. त्यांतून रुळांवरून मैलोन् मैल चालत रूळ जागच्या जागी पक्का धरणारी प्रत्येक चावी तपासणाऱ्या कीमनचे काम आधी निवडावे, कारण गाडी चालवणाऱ्याइतकेच ते महत्त्वाचे असून कोणत्याही तक्त्यावर दिसत नाही. शेतीचे पुस्तक करायचे झाल्यास नांगर धरलेला शेतकरी पुन्हा रंगवण्यापेक्षा डाळिंबाची बाग घ्यावी: छाटणी, बहर धरणे, फवारणी, तेल्या रोगाने डागळलेली फळे वेगळी काढणे, प्रतवारी, खोकी भरणे. शहरालगत केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेथे सूक्ष्मदर्शकातून पान पाहणारी शास्त्रज्ञ आणि बागेत पान उलटून पाहणारी मजूर बाई एकाच रोगाचा शोध घेत असतात, हे समोरासमोरच्या दोन पानांवर दाखवता येईल.

आता बिडीविषयी, कारण आपल्या प्रश्नातला हाच भाग खरा अवघड आहे. सोलापुरात फार मोठ्या संख्येने स्त्रिया घरी बसून बिड्या वळतात. मुलांना तेंदूची पाने भिजवणे, कात्रीने ती मापात कापणे, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन पान वळणे, दोऱ्याने बांधणे हे सारे डोळ्यांसमोर दिसत असते आणि मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने ठरते हेही ठाऊक असते. तरीही 'तुझी आई काय करते?' असा प्रश्न भर वर्गात आला की अनेक मुले 'काही नाही, घरी असते' असे उत्तर देतात. म्हणून तो प्रश्न कोणत्याही मुलाला सर्वांसमोर विचारू नये. पुस्तकातल्या कामापासून सुरुवात करावी आणि मुलाला स्वतःहून बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे.

मूल बोलले तर दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे त्या हातांचे कौशल्य. प्रत्येक बिडी सारख्या जाडीची आणि सारख्या लांबीची वळणे सोपे नाही, आणि जमा करताना सदोष म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे बुडतात. तेव्हा आईला ते येते याचे कौतुक मोकळेपणाने करावे. दुसरी म्हणजे तंबाखू. ती ओढणाऱ्याला अपाय करते आणि तिची धूळ दिवसभर नाकातोंडात गेल्याने वळणाऱ्या बाईलाही त्रास होतो, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला सरळ शब्दांत सांगता येते. 'आईचे काम वाईट आहे' हे वाक्य मात्र आपल्या तोंडून आडूनही जाता कामा नये. कामात त्रास आहे आणि तो कमी व्हायला हवा, एवढे म्हणावे. या स्त्रियांच्या आयुष्यात केवळ कष्ट आहेत असेही चित्र काढू नये. त्यांनी संघटना केल्या, मोर्चे काढले, आणि शहराजवळ कुंभारीला शेतकरी-कामगार चळवळीतल्या नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे हस्तांतरण झाले. एकत्र येऊन मागणी करणे हाही कामाच्या जगाचा भाग आहे, आणि मुलांच्या पुस्तकांत तो जवळजवळ नसतोच.

याच संदर्भात एक सावधगिरी. काही पुस्तकांत आईबापांच्या हाताखाली काम करणारे मूल फार गोड रंगवलेले असते. दोरा हातात देणे, घडी घालायला मदत करणे इतपत ठीक आहे. पण मूल शाळा सोडून मजुरी करताना दिसत असेल तर त्या पानावर थांबून बोलावे. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीपासून सर्वच व्यवसायांत बंदी आहे. कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावण्याची सवलत कायद्यात असली तरी ती धोकादायक कामाला लागू नाही.

कारखान्यात न्यावे का, याचे उत्तर होय असे आहे, पण पुस्तक आधी, भेट नंतर आणि पुन्हा पुस्तक असा क्रम ठेवावा. पुस्तक न पाहता नेलेली मुले मागाच्या खडखडाटाने भांबावतात, कानांवर हात ठेवतात आणि परतल्यावर केवळ आवाजाविषयी बोलतात. आधी चित्रात धोटा, बीम, जॅकार्ड पाहिलेली मुले तेच शोधत आत जातात. पूर्ण वर्ग एकाच वेळी नेऊ नये. आठ-दहा मुले आणि दोन मोठी माणसे पुरेत. फिरते पट्टे आणि चालू माग यांच्यापासून अंतर आधीच आखून घ्यावे, ओढण्या आणि मोकळे केस बांधून घ्यावेत, आत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबू नये. प्रश्न मात्र आत विचारू नयेत. त्या आवाजात कोणालाच ऐकू येत नाही, शिवाय कामगाराची मजुरी उत्पादनावर ठरत असेल तर आपण घेतलेला त्याचा वेळ त्याच्या खिशातून जातो. जेवणाच्या सुट्टीत किंवा सुट्टीच्या दिवशी त्यांनाच शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि मुलांनी आधी लिहून ठेवलेले प्रश्न विचारावेत.

भेटीनंतरच्या आठवड्यात मुलांनी स्वतःचे पुस्तक करावे. चार कागद मधोमध दुमडून दोऱ्याने शिवले की सोळा पाने होतात. एका पानावर एकच कृती, खाली एकच वाक्य, असा नियम ठेवला की मुलांना क्रमाचा विचार करावा लागतो. माणसाचे चित्र काढताना हात आधी काढायला सांगावे. चेहऱ्यापासून सुरुवात केली की बहुतेक मुले पुन्हा तक्त्यासारखा उभा माणूस काढतात. ज्यांच्या कामाचे पुस्तक आहे त्यांची परवानगी घेऊनच त्यांचे नाव घालावे आणि तयार पुस्तक आधी त्यांना वाचून दाखवावे. ते चुका सांगतात, आणि त्या चुका दुरुस्त केल्यावर पुस्तकाची किंमत वाढते.

पालकांच्या सभेत एक आक्षेप येणार हे गृहीत धरावे. 'पोरं मागावर जाऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना शाळेत घालतो, आणि तुम्ही मागाचीच पुस्तकं दाखवता' असे कोणीतरी म्हणते आणि ते रास्त आहे. त्याला श्रमप्रतिष्ठेचे भाषण हे उत्तर नव्हे. कापडगिरण्या बंद पडताना ज्यांनी पाहिल्या त्या घरांना ते भाषण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी अशा वेळी मुलांनी केलेले चादरीचे पुस्तक उघडतो आणि त्यातल्या प्रत्येक पानामागे आणखी कोणती कामे आहेत हे पालकांबरोबर मोजतो: संगणकावर नक्षी तयार करणारे, रंगांचे प्रमाण ठरवणारे रसायनतज्ज्ञ, मागाचे बिघाड काढणारे फिटर आणि इलेक्ट्रिशियन, कापडाची गुणवत्ता तपासणारे, हिशेब ठेवणारे, परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार करणारे, माल पाठवणारे. यांपैकी कोणत्या कामाला किती शिक्षण लागते हे आयटीआय, पदविका आणि पदवी अशा तीन रकान्यांत फळ्यावर लिहावे. त्या सभेनंतर घरी पाठवायच्या पुस्तकांत निदान एक पुस्तक असे असावे, ज्यातले काम गल्लीत कोणीच करत नाही.